हळू झालेल्या माणसाला नाटकी म्हणू नका

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घराघरांत आहे. घरातले वडीलधारे माणूस हळू चालू लागले, विचारलेल्या गोष्टीचे उत्तर उशिरा देऊ लागले, की कोणीतरी ही म्हण म्हणून मोकळे होते. म्हण म्हटली की विचार करायचे काम संपते. वय झाले, आता असेच चालायचे, असे म्हणून प्रत्येकजण आपापल्या कामाला लागतो. पण कारणाशिवाय काही घडत नाही, हे आपणच आपल्या मुलांना शिकवतो. मग म्हातारपणी माणूस हळू होतो, त्यालाही काही कारण असलेच पाहिजे. ते कारण मला माझ्या वडिलांच्या आजारपणात कळले. आपल्या कष्टकरी कुटुंबांत हे दुखणे अनेकांना असते, पण त्याला दुखणे म्हणून कोणी ओळखत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझे बाबा मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. दोन साचे चालवायचे. सगळ्या खात्याच्या खडखडाटातसुद्धा आपल्या साच्याचा सूर बिघडला की त्यांना मान न वळवता कळायचे. धागा तुटला की धोटा अडला, हे ते आवाजावरून ओळखत. १९८२ च्या संपात गिरणी सुटली. त्यानंतर वीस-बावीस वर्षे त्यांनी रखवालदारी केली, तीही बहुतेक रात्रपाळीची. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणे त्या रात्रपाळीवर झाली.

असा हा चपळ माणूस २०१५ च्या सुमारास बदलू लागला. तेव्हा ते सत्तरीच्या आत होते. पावले आखूड पडू लागली. पाय उचलून टाकण्याऐवजी ते घासत चालायचे. वळायचे असेल तर जागच्या जागी चार-पाच लहान पावले टाकून वळायचे. ‘बाबा, चहा घेणार का?’ असे विचारले तर उत्तर यायचे, पण आमचे दुसरे बोलणे सुरू झाल्यावर. सुटे पैसे मोजताना कोणी मध्येच बोलले की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. रोज पेपर वाचणारा माणूस, पण आता पेपर मांडीवर तसाच राहायचा आणि ते समोर बघत बसायचे. लघवीची घाई व्हायची, आणि आमच्या नायगावच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. तिथपर्यंत पोचण्याआधी कधी कधी कपडे ओले व्हायचे. मग ते दिवसभर कोणाशी बोलत नसत.

आठवण मात्र शाबूत होती. साचेखात्यातल्या जॉबरचे नाव, कोणाचे लग्न कोणत्या साली झाले, कोणत्या वर्षी किती बोनस मिळाला, सगळे बरोबर सांगायचे. त्यामुळेच घरात गैरसमज झाला. माझा मोठा भाऊ म्हणायचा, ‘जुने सगळे आठवते आणि काम सांगितले की ऐकू येत नाही? नाटक आहे सगळे.’ दादा वाईट माणूस नाही. बारा तास काम करून येणारा, थकलेला माणूस आहे. वहिनीही धुणी धुऊन कंटाळलेली. गावाहून आमची आत्या आली होती, ती म्हणाली, ‘हे बाहेरचे काहीतरी आहे. एखाद्या जाणत्याला दाखवा.’ बाबा तिथेच बसले होते. बराच वेळ गेला, आत्या दुसऱ्या विषयावर गेली होती. तेव्हा बाबा म्हणाले, ‘जाणत्याकडे नको. डॉक्टरकडे न्या.’

जवळच्या एका खासगी डॉक्टरांनी वयोमानाप्रमाणे असे होते म्हणून टॉनिक लिहून दिले. पुढे २०१७ साली बाबा मोरीत पडले. हाड मोडले नाही, पण डोक्याला मार लागला म्हणून सरकारी रुग्णालयात नेले. तिथे मेंदूचा एम.आर.आय. काढला. मारामुळे काही झालेले नव्हते. पण तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी फिल्म उजेडासमोर धरली आणि मेंदूच्या आतल्या बाजूला कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे डाग दाखवले. त्यांनी विचारले, ‘ताई, यांना रक्तदाब किती वर्षांपासून आहे?’ तेव्हा मोजला तो १७० वर १०० होता.

रक्तदाब नवा नव्हता. २००४ साली कामाच्या ठिकाणी झालेल्या तपासणीत तो जास्त निघाला होता. गोळ्या लिहून दिल्या होत्या. पण पाकीट संपले की पुन्हा आणायचे, गोळी जन्मभर घ्यायची, हे बाबांना कोणी समजावून सांगितले नव्हते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला? म्हणून ती बंद झाली. तेरा वर्षे रक्तदाब आत काम करत राहिला आणि बाहेर काहीच दिसले नाही.

आता ते डाग कशाचे, हे समजून घेऊ. मेंदूचे ढोबळमानाने दोन भाग. वरच्या सालीचा करडा भाग, त्यात विचार करणाऱ्या पेशी असतात. त्याच्या आत पांढरा भाग, ज्याला पुस्तकात श्वेतद्रव्य म्हणतात. मेंदूचा जवळजवळ अर्धा भाग हाच असतो. तो म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे आवरण असते, तसे या तारांवर चरबीयुक्त आवरण असते. त्याला मायलिन म्हणतात. त्याच्यामुळेच हा भाग पांढरा दिसतो आणि त्याच्यामुळेच संदेश कितीतरी पट वेगाने धावतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००३ साली हिशेब मांडला, तेव्हा विशीतल्या माणसाच्या मेंदूतल्या आवरण असलेल्या तारांची एकूण लांबी दीड लाख किलोमीटरच्या घरात भरली. पृथ्वीला साडेतीन वेढे बसतील एवढे हे सूत आपल्या कवटीत भरलेले आहे. वय वाढेल तसे ते थोडे थोडे कमी होते, हे खरे. पण काही माणसे ऐंशीव्या वर्षीही तरतरीत असतात आणि काही पासष्टीला अडखळतात. हा फरक नुसत्या वयाने पडत नाही. त्यात रक्तपुरवठ्याचा मोठा वाटा आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याच्याकडे जाते. ते सगळीकडे सारखे वाटले जात नाही. करड्या भागाला भरपूर मिळते. पांढऱ्या भागाला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढेच. शिवाय खोल पांढऱ्या भागापर्यंत रक्त नेणाऱ्या वाहिन्या केसासारख्या बारीक, लांब आणि एकट्या असतात. एक अरुंद झाली तर शेजारची वाहिनी मदतीला येईल, अशी सोय तिथे फारशी नाही.

कॅनॉलच्या पाण्याचे आपल्याला ठाऊक आहे. तोंडाशी ज्यांची शेते, त्यांचा ऊस हिरवागार. टेलच्या शेतकऱ्यांपर्यंत मात्र पाणी पोचतच नाही, किंवा पोचले तर जमीन ओली होण्यापुरते. चाळीतही तेच. तळमजल्याच्या नळाला धार असते आणि वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतला नळ नुसता सूं सूं करतो. मेंदूचा खोल पांढरा भाग हा असा टेलला आहे. पाणी कमी झाले की पहिली झळ त्यालाच लागते.

दादाने डॉक्टरीण बाईंना विचारले, ‘रक्तदाब जास्त म्हणजे रक्त जोरात जाते. मग ते कमी कसे पोचते?’ प्रश्न बरोबर होता. बाईंनी सांगितले ते असे. वर्षानुवर्षे जोराचा मारा झाला की बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. बाहेरून वाहिनी तेवढीच, पण आतली वाट अरुंद. गंज चढलेल्या जुन्या पाइपासारखी. निरोगी वाहिनी गरज पडली की रुंद होते आणि जास्त रक्त जाऊ देते. कडक झालेली वाहिनी तसे करू शकत नाही. त्यात भिंतीला बारीक गळती लागते आणि रक्तातला जो द्रव मेंदूत जायला नको तो आत झिरपतो. मधुमेह आणि तंबाखू हेही वाहिन्यांचे असेच नुकसान करतात. तिन्ही एकत्र आले तर विचारायलाच नको.

रक्त एकदम बंद पडले तर अर्धांगवायूचा झटका येतो. तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, आपण धावाधाव करतो. इथे तसे होत नाही. इथे रक्त बंद पडत नाही, नुसते अपुरे पडत राहते. तारांवर आवरण चढवणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्यांना खूप शक्ती लागते, म्हणून उपासमारीत त्या लवकर कोलमडतात. त्या गेल्या की आवरण विरळ होते, संदेश रेंगाळतो, आणि शेवटी उघडी पडलेली तारही मरते. २००४ साली जपानमधल्या संशोधकांनी उंदरांच्या मानेतल्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांभोवती बारीक तारेची वेटोळी बसवली. वाहिन्या बंद केल्या नाहीत, फक्त अरुंद केल्या. महिन्याभरात त्या उंदरांच्या मेंदूतला पांढरा भाग विरळ झाला. आठवणी साठवणारा करडा भाग मात्र तोवर शाबूत होता.

हे वाचले तेव्हा मला बाबांचे कोडे उलगडले. त्यांच्या आठवणी जागच्या जागी होत्या. पेशी काम करत होत्या, पण एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत वेळेवर पोचत नव्हता. चालताना, पैसे मोजताना, उत्तर देताना मेंदूच्या अनेक भागांना एकदम बोलावे लागते. तिथेच त्यांचे अडत होते. पाय घासणे, लघवीची घाई, गप्प बसणे, एका वेळी दोन गोष्टी न जमणे, ही सगळी एकाच झाडाची फळे होती. साच्यातला ताणा जागोजागी तुटला तर विणकर कितीही हुशार असला तरी कापड नीट निघत नाही. यात नाटक कुठे आहे?

हा रोग आजचा नाही. १८९४ साली जर्मनीत येना येथे काम करणारे डॉ. ओटो बिन्सवांगर यांनी अशा रोग्यांचे वर्णन करून ठेवले आहे. पण तेव्हा माणूस मेल्यावर मेंदू उघडूनच हे दिसायचे. मेंदूचे फोटो काढणारी यंत्रे आल्यावर जिवंत माणसांतही हे डाग दिसू लागले. १९८७ साली कॅनडातले डॉ. व्लादिमिर हचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ‘ल्यूकोअरायोसिस’ हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून केलेल्या या नावाचा अर्थ पांढऱ्याचे विरळ होणे. नाव अवघड आहे, ते पाठ करायची गरज नाही. वयस्क माणसांच्या एम.आर.आय.मध्ये थोडेफार डाग पुष्कळदा दिसतात, त्यामुळे अहवालात तसे लिहिले म्हणून लगेच घाबरूनही जाऊ नये. डाग किती आहेत, वाढत आहेत का आणि माणसात काय फरक पडला आहे, हे डॉक्टर पाहतात.

यावर उपाय काय? जे आवरण गेले ते परत चढवणारी गोळी आज नाही. कोणी तेल, काढा, इंजेक्शन देऊन मेंदू नवा करतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. पण पुढचे नुकसान कमी करता येते, हे सिद्ध झाले आहे. अमेरिकेत ९,३६१ माणसांवर मोठी चाचणी झाली. अर्ध्यांचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवायचा आणि अर्ध्यांचा १२० च्या खाली, असे ठरले. २०१९ साली त्याचे मेंदूविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे एम.आर.आय. काढले होते त्यांच्यात सुमारे चार वर्षांत १४० वाल्यांचे डाग सरासरी १.४५ घन सेंटिमीटरने वाढले, १२० वाल्यांचे ०.९२ घन सेंटिमीटरने. बुद्धीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली. पूर्ण स्मृतिभ्रंश कमी झाल्याचे मात्र त्या चाचणीत पक्के सिद्ध झाले नाही.

ते काम चीनच्या खेड्यांतल्या चाचणीने केले. तिथल्या ३२६ गावांत रक्तदाब ताब्यात नसलेल्या, चाळिशीच्या पुढच्या सुमारे ३४ हजार माणसांवर ती झाली. निम्म्या गावांत गावातल्याच साध्या वैद्यकांना शिकवून त्यांनी लोकांचे रक्तदाब मोजले, गोळ्या दिल्या आणि पाठपुरावा केला. चार वर्षांनी तिथे स्मृतिभ्रंश बाकीच्या गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. मोठे रुग्णालय नाही, महागडे यंत्र नाही. पट्टा, गोळी आणि कोणीतरी आठवणीने विचारणारे माणूस. एवढे आपल्या वस्तीतही होऊ शकते.

एक सावधगिरी मात्र सांगते. रक्तदाब किती खाली आणायचा हे डॉक्टरांनी ठरवायचे. अमेरिकेच्या त्या चाचणीत फार खाली आणलेल्या काहींना भोवळ आली, काहींच्या मूत्रपिंडावर ताण आला. टेलच्या शेताचे पाणी आधीच कमी. एकदम दाब पडला तर तेही बंद होते. म्हणून आपल्या मनाने दोन गोळ्या घेऊ नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका. उठल्यावर भोवळ येत असेल तर डॉक्टरांना सांगा. जुलाब, उलट्या किंवा ताप आला तर पाणी द्या आणि गोळीविषयी विचारा.

माता-भगिनींनो, घरातला काही भाग आपल्या हातात आहे. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचे, वरून भाकरीबरोबर मिठाची चिमूट. सुकट सोडा असे मी म्हणत नाही. दोनदा धुऊन करा, कालवणात वेगळे मीठ टाकू नका आणि रोज करू नका. मिशरी, तंबाखू, विडी, गुटखा यांना घरातून काढा. बायका मिशरी लावतात आणि ती तंबाखूच आहे हे विसरतात. शुगर तपासा. रोज चाला.

आणि हळू झालेल्या माणसाशी वागायचे कसे, ते बाबांनी आम्हांला शिकवले. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. तेवढ्यात उत्तर येते. चालताना बोलायला लावायचे नाही. वाटेतले गोणपाट आणि पायपुसणे उचलायचे, मोरीत धरायला दांडी बसवायची, रात्री एक दिवा जळता ठेवायचा. ठरावीक वेळाने ‘चला, जाऊन येऊ’ म्हणायचे म्हणजे घाई होण्याआधीच काम होते. दादाने दांडी स्वतः बसवली. तो फारसे बोलला नाही, पण ‘नाटक’ हा शब्द त्या दिवसापासून घरात ऐकू आला नाही.

आज बाबा ७९ वर्षांचे आहेत. पहिल्यासारखे झाले नाहीत, होणारही नाहीत. अजून हळूच चालतात. पण गोळी चुकत नाही, रक्तदाब ताब्यात आहे, आणि कपडे ओले होण्याची लाज गेल्यापासून ते पुन्हा माणसांत बसतात. नातीला गणित शिकवताना एक उदाहरण सोडवायला अर्धा तास लागतो. नात थांबते. तिला घाई नाही.

मला काळजी वाटते ती दादाची आणि त्याच्यासारख्यांची. त्या दिवशी डॉक्टरीण बाई बाबांच्या दंडाचा पट्टा सोडताना म्हणाल्या, ‘आता तुम्ही हात पुढे करा.’ दादा ४६ वर्षांचा होता. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. त्याचा रक्तदाब निघाला १६० वर १००. आज तो रोज गोळी घेतो. वस्तीतल्या कितीतरी कर्त्या माणसांनी अजून एकदाही हात पुढे केलेला नाही. ड्रायव्हर आहेत, हमाल आहेत, रखवालदार आहेत, घरकाम करणाऱ्या बायका आहेत. तिशी ओलांडली असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. जास्त निघाला आणि गोळी सुरू झाली, तर पाकिटात चार गोळ्या उरल्या असतानाच दुसरे पाकीट आणा. आणि स्वतः जाल तेव्हा घरातल्या हळू झालेल्या माणसालाही बरोबर घेऊन जा. रिक्षा लागली तर रिक्षा करा, पण त्याला घाई करू नका.